शून्य कुठे धरायचं

"आता वाच," रोहेलिओ म्हणाला.

येसेनियाने काठी चुलीसमोरच्या फरशीवर टेकवली. मार्च महिन्यात तिनेच तिथे निळ्या चिकटपट्टीची फुली मारून ठेवली होती. काठीच्या मुठीशी आकडे दिसणारी छोटी काच होती. काठीतून निघालेली लांब नळी पुढच्या खोलीतून वळणं घेत घेत दारापाशी ठेवलेल्या डब्यात जात होती. दार म्हणजे शून्य. फरशी दारापेक्षा वर असेल तर आकडा अधिक, खाली असेल तर उणे. एवढं तिने सकाळपासून ओफेलियाआत्याला चारदा समजावलं होतं आणि चारही वेळा आत्याने मान डोलावली होती.

"अधिक एक इंच," येसेनिया म्हणाली.

"म्हणजे खाली."

"वर, बाबा. स्वयंपाकघर दारापेक्षा इंचभर वर आहे."

"आणि मार्चमध्ये?"

तिने वही पाहिली. "पाऊण इंच खाली होतं."

 रोहेलिओने टोपी काढली, पुन्हा घातली. टेक्सासमधल्या सान अंतोनियोच्या दक्षिणेकडच्या वस्त्यांत चाळीस वर्षं तो कललेली घरं सरळ करत आला होता. त्याच्या आधी त्याच्या बापाने, आप्पांनी तेच केलं होतं. इथली माती काळी, चिकण. पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते, आणि वरचं घर तिच्याबरोबर वरखाली होतं. आरिस्पे घराण्याची भाकरी त्या मातीनेच दिली होती. या वर्षी तर जूनपासून थेंब नव्हता. मागच्या अंगणात अशा भेगा पडल्या होत्या की ओफेलियाच्या हातातली झाडं छाटायची कात्री एकीत पडली ती कायमची गेली.

"दुष्काळात घर खाली जातं," रोहेलिओ अखेर म्हणाला. "वर जात नाही. दुष्काळात वर चढलेलं घर मी जन्मात पाहिलं नाही."

"माझे खांब वाढीला लागले असतील," मागच्या दाराच्या चौकटीत उभा असलेला त्याचा धाकटा भाऊ निकानोर म्हणाला. "आई पाणी घालत असेल त्यांना."

"तुला कोणी विचारलं?"

"आईने बोलावलंय मला. तुझ्या मेहरबानीने नाही आलो."

"भांडायचं तर अंगणात," त्यांची आई एदुविहेस म्हणाली. ती टेबलाशी बसून ठिपक्यांचे घेवडे निवडत होती. एक्याऐंशी वर्षांची होती, पण खडा काही सुटत नव्हता तिच्या नजरेतून. "इथे माझी नात काम करतेय."

ओफेलियाने भावांच्या तोंडाकडे पाहिलं. हे दोघं एका छपराखाली शेवटचे उभे राहिले होते ते येसेनियाच्या चर्चमधल्या पहिल्या प्रभुभोजनाला. तेव्हा ती आठ वर्षांची होती. आता ती सव्वीसची, एका इंजिनिअरच्या कचेरीत नोकरीला, लोकांच्या घरांच्या जमिनी मोजणारी.

भांडण कशाचं ते ओफेलियाला पाठ होतं. शहाण्णवच्या दुष्काळात स्वयंपाकघराची बाजू खचली. आप्पा आजारी, रोहेलिओ ह्यूस्टनला कामावर. सव्वीस वर्षांच्या निकानोरने भाड्याने यंत्र आणून पूर्वेच्या भिंतीखाली आठ खड्डे मारले. अठरा फूट, कडक थर लागेपर्यंत. त्यात काँक्रीटचे खांब उभे केले आणि घर त्यांच्यावर टेकवलं. काँक्रीटच्या बादल्या ओफेलियाने वाहिल्या होत्या. मग आप्पा इस्पितळातच गेले. ह्यूस्टनहून आलेला रोहेलिओ दफनाच्या दुसऱ्या दिवशी म्हणाला की आठांतले चारच खांब खाली पोचलेत, उरलेले ह्याने गुडघाभर खणून भरून टाकलेत. तुला कसं माहीत, असं सगळ्यांनी विचारलं. मला माहीत आहे, एवढंच तो म्हणाला, आणि सत्तावीस वर्षं तेवढंच म्हणत राहिला. एका ट्रकचे दोन ट्रक झाले, एका धंद्याचे दोन.

आणि आता दिवाणखाना जिथे संपतो आणि स्वयंपाकघर सुरू होतं, तिथे छतापासून भिंत तडकली होती. वरच्या बाजूला चीर एवढी रुंद की बोट जाईल. आईच्या झोपायच्या खोलीचं दार ऑगस्टपासून लागत नव्हतं. रोहेलिओने आपल्या घरची मागची खोली रंगवून ठेवली होती. स्वयंपाकघर खचतंय हे एकदा आकड्यात दिसलं की आईला तो घेऊन जाणार होता. आई गेली की हे घर विकायचं. मग ओफेलियाने कुठे जायचं, हा प्रश्न अजून कोणी विचारला नव्हता. तिनेसुद्धा नाही.

"यंत्र बिघडलंय," रोहेलिओ म्हणाला.

"मघाशीच तपासलंय. दारावर परत नेलं, शून्यच आलं."

"दिवाणखान्यात गालिचा आहे. त्याची जाडी वजा केलीस?"

"बाबा, हे मी रोज करते."

"मी पण रोजच करतो. तुझ्या जन्माआधीपासून." तो तरातरा बाहेर गेला आणि ट्रकमधून आप्पांची लेव्हल पाईप घेऊन आला. पारदर्शक नळी, तीस फूट, आत पाणी. "याला बॅटरी लागत नाही. ओफेलिया, दारात उभी राहा. ते टोक धर. अंगठा काढू नकोस मी सांगेपर्यंत."

"दुसरं टोक कोण धरणार?"

रोहेलिओने इकडेतिकडे पाहिलं. येसेनिया वहीत लिहीत होती. आई घेवडे निवडत होती.

"आण इकडे," निकानोर म्हणाला.

ओफेलिया दारात नळी धरून उभी राहिली. बाहेरचं ऊन पाठीला चटके देत होतं. रोहेलिओ घराच्या मधोमध उभा राहून हुकूम सोडत होता. वर घे, खाली घे, बुडबुडा काढ, अंगठा काढ म्हटलं ना! तिने घाईने अंगठा काढला आणि पाणी तिच्या चपलेवर सांडलं.

"देवा," रोहेलिओ म्हणाला.

"ओरडू नकोस तिच्यावर," आतून निकानोरचा आवाज आला. "बादल्या वाहताना एक थेंब नव्हता सांडला तिने."

दुसऱ्या खेपेला पाणी स्थिर झालं. दोन्ही टोकांशी रोहेलिओ पट्टी घेऊन गेला. मोजलं, बोटांवर हिशेब केला, पुन्हा मोजलं.

"आठ सूत," तो म्हणाला.

"म्हणजे?" ओफेलियाने विचारलं.

"म्हणजे एक इंच. वर."

"म्हणजे यंत्र बरोबर आहे?"

"म्हणजे मला काही कळत नाही," रोहेलिओ म्हणाला. त्याच्या तोंडून हे वाक्य तिने यापूर्वी कधी ऐकलं नव्हतं. तिला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. घर खचत नव्हतं, हे चांगलं. पण घर चढत होतं, हे काय होतं? भिंत तर फाटलीच होती.

निकानोर फरशीवर उकिडवा बसला आणि चुलीच्या बाजूला हात फिरवू लागला. "खालून पाणी येत असेल तर?" तो म्हणाला.

रोहेलिओने झटक्यात त्याच्याकडे पाहिलं. "फुटलेला नळ."

"खालची माती भिजली, फुगली. वर ढकललं."

"दुष्काळातही. बरोबर. तेवढंच एक कारण असू शकतं." रोहेलिओने वळून ओफेलियाकडे पाहिलं. "भांडी धुवायचं मशीन कधी बसवलंस?"

"दोन वर्षं झाली."

"कोणी बसवलं?"

"शाळेतल्या आमच्या स्वयंपाकघरात येतो तो. बेनिग्नो."

"बेनिग्नो नळवाला आहे?"

"तो... सगळंच करतो."

"सगळंच करतो!" दोघं भाऊ एकदम म्हणाले. अठरा वर्षांत पहिल्यांदा त्यांचं एकमत झालं होतं, आणि ते तिच्याविरुद्ध झालं होतं. "माझ्याकडे तीन नळवाले आहेत," निकानोर म्हणाला. "एक फोन करायचा होतास." "माझ्याकडे पण आहेत," रोहेलिओ म्हणाला. "घराखाली तळं केलंय या बाईने."

ओफेलियाला आपले कान तापलेले जाणवले. खरंच आपण केलं असेल? मशीन बसवल्यावर पहिला आठवडाभर खाली ओल होती खरी. तिने फडकं ठेवलं होतं. कोणाला सांगितलं नव्हतं. बेनिग्नो दर शनिवारी येऊन कॉफी पिऊन जातो, हेही सांगितलं नव्हतं.

"आत्याला कशाला बोलता?" येसेनिया म्हणाली. "गळती आहे की नाही ते पाच मिनिटांत कळतं. सगळे नळ बंद करा आणि मीटर बघा."

ते सगळे बाहेर पदपथापाशी गेले. एदुविहेससुद्धा काठी टेकत आली. निकानोरने लोखंडी झाकण उचललं, आतली माती हाताने सारली. मीटरच्या काचेत एक लाल त्रिकोण असतो, घरात थेंबभर पाणी गेलं तरी तो फिरतो. पाच जणांची डोकी त्या खड्ड्यावर वाकली. समोरच्या घरची बाई झाडू हातात धरून पाहत राहिली.

त्रिकोण हलला नाही. पाच मिनिटं झाली, दहा झाली.

"नाही फिरत," ओफेलिया म्हणाली. तिचा आवाज थोडा चढलाच. "नाहीच फिरत. तळं म्हणे!"

"बेनिग्नोला सांग, काम बरं करतो," आई म्हणाली आणि घराकडे वळली. "तो कॉफीत किती साखर घेतो, तेवढं मात्र बघ. शनिवारी डबा रिकामा होतो माझा."

भावांनी एकमेकांकडे पाहिलं. ओफेलिया खाली मान घालून आईमागे गेली.

सगळे आत आले. रोहेलिओ खुर्चीवर बसला, निकानोर दारातच राहिला. मग घर चढलं कशाने? नळ फुटलेला नाही. पाऊस नाही. यंत्र बरोबर, नळी बरोबर. ओफेलियाने सगळ्यांना थंड पाणी दिलं आणि स्वतः भिंतीला टेकून उभी राहिली, तेव्हा तिला उगाच वाटलं की भिंत मागे सरकतेय.

येसेनिया मात्र फरशीवर मांडी घालून बसली होती. समोर दोन कागद, एक मार्चचा, एक आजचा. दोन्हींवर घराचा आराखडा आणि बावीस फुल्या. ती एका कागदावर काहीतरी खोडून पुन्हा लिहीत होती. बराच वेळ लिहीत होती. मग तिने हात थांबवला आणि बापाकडे पाहिलं. ओफेलियाने ती नजर पाहिली. पोरीला काहीतरी कळलं होतं आणि ते बोलायचं नव्हतं.

"काय गं?" ओफेलियाने विचारलं.

"काही नाही."

"येसेनिया," आजी म्हणाली. "मी बोलावलंय तुला. जे दिसलं ते सांगायचं. कोणाला काय वाटेल ते बघू नकोस."

"मी शून्य चुकीच्या जागी धरलं," येसेनिया म्हणाली.

"म्हणजे मोजणी चुकली," रोहेलिओ म्हणाला.

"मोजणी नाही चुकली. मी दार शून्य धरलं. म्हणजे दार हलत नाही असं धरलं. कारण आपण सगळे म्हणत होतो की स्वयंपाकघर हलतंय. पण दारच हलत असेल तर?" तिने कागद फिरवून सगळ्यांसमोर ठेवला. "आता स्वयंपाकघर शून्य धरा. मार्चमध्ये पाऊस झालेला, माती फुगलेली. दार पाऊण इंच वर होतं. आता दुष्काळ, माती आकसलेली. दार एक इंच खाली आहे. पावणेदोन इंच खाली गेलंय ते. दार, दिवाणखाना, आजीची खोली. पश्चिमेची सगळी बाजू खाली गेलीय. दुष्काळात जायला पाहिजे तशीच."

ओफेलियाने कागद पाहिला. आकडे तिला उलटसुलट नाचताना दिसले. "मग स्वयंपाकघर वर नाही गेलं?"

"ते कुठेच नाही गेलं, आत्या. ते जागच्या जागी आहे. आणि म्हणूनच भिंत फाटली. अर्धं घर मातीबरोबर वरखाली होतंय आणि अर्धं ढिम्म उभं आहे."

"माझ्या कामामुळे," निकानोर सावकाश म्हणाला. "म्हणजे माझ्या खांबांनीच..."

"तुमच्या कामात चूक नाही, काका. काम नको तेवढं चांगलं झालंय."

निकानोरला हसावं की काय करावं ते समजलं नाही. त्याने एकदा चिरेकडे पाहिलं, एकदा पुतणीकडे. येसेनिया मात्र आता बापाकडेच पाहत होती.

"बाबा, पूर्वेच्या भिंतीलगत माझ्या आठ फुल्या आहेत. एकेका खांबाजवळ एकेक. मार्च ते सप्टेंबर, आठही एकमेकींच्या तुलनेत केसभरही हललेल्या नाहीत. चार खांब गुडघाभरच असते, तर त्या चार जागा दारासारख्या खाली गेल्या असत्या. एकही नाही गेली." तिने ओठ आवळले. "आठही खाली पोचलेत."

 रोहेलिओने कागद उचलला. डोळ्यांपासून लांब धरला, मग चष्मा काढून जवळ धरला. पूर्वेच्या भिंतीवरून त्याचं बोट एकेका आकड्यावर थांबत गेलं. आठव्यावर पोचलं, आणि परत पहिल्यावर आलं.

निकानोर बोलेल असं ओफेलियाला वाटलं. सत्तावीस वर्षं त्याने या क्षणासाठी शिव्या साठवून ठेवल्या असतील. पण तो चौकटीला धरून नुसता उभा होता.

"आप्पा म्हणाले होते," रोहेलिओ म्हणाला.

"काय?"

"मला आप्पांनी सांगितलं. इस्पितळात. मी ह्यूस्टनहून सरळ तिथेच गेलो, गुरुवारी. त्यांना बोलवत नव्हतं. माझा हात धरला आणि म्हणाले, 'चारच खाली गेलेत.' दोनदा म्हणाले. 'निकानोरचे चारच खाली गेलेत.'" त्याने कागद खाली ठेवला. "मरणाऱ्या माणसाने सांगितलेलं मी कोणाला सांगू? बापानेच तुझी चोरी सांगितली, असं तुला सांगू? म्हणून नाही सांगितलं. कधीच."

निकानोरने चौकट सोडली. "आप्पा असं म्हणाले?"

"शपथेवर."

"आप्पा माझ्याबद्दल..." तो खाली बसला, उंबऱ्यावरच. निर्दोष ठरलेल्या माणसासारखा तो दिसत नव्हता. आत्ता, या मिनिटाला, आप्पा त्याला नव्याने गेल्यासारखे दिसत होते. ओफेलियाला वाटलं, हे तर आधीपेक्षा वाईट झालं. खरं बाहेर आलं की मन हलकं होतं म्हणतात. मग हे काय?

"पण आठही गेलेत ना खाली," ती म्हणाली. "मग आप्पा खोटं का बोलतील?"

 एदुविहेसने घेवड्यांची परात बाजूला सारली.

"गुरुवार," ती म्हणाली. "गुरुवारी म्हणालास ना?"

"हो."

"बुधवारी संध्याकाळी त्यांना इस्पितळात नेलं. तोवर ते तिथे, अंगणातल्या त्या झाडाखाली खुर्ची टाकून तुझं काम बघत बसत होते, निकानोर. सोमवार, मंगळवार, बुधवार. बुधवारपर्यंत किती खांब झाले होते तुझे?"

निकानोरने वर पाहिलं. ओठ हलले, पण आकडा ओफेलियाच्या तोंडून आला. "चार," ती म्हणाली. तिला बादल्या आठवल्या, सोलवटलेला, फडक्याने बांधलेला हात आठवला. "बुधवारी चौथा भरला. पाचवा आम्ही गुरुवारी सकाळी धरला. शनिवारी आठवा."

"शनिवारी," आई म्हणाली. "ते तर शुक्रवारीच बेशुद्ध झाले. त्यांनी चारच पाहिले होते."

रोहेलिओ तिच्याकडे पाहत राहिला.

"चोरी नव्हते सांगत ते," आई म्हणाली. "चार झालेत, चार राहिलेत, पोरगा एकटा आहे, जा आणि हात लाव. एवढं सांगायला त्यांनी दोनदा तोंड उघडलं. आणि तू दोन दिवस ह्या गावात असून इकडे फिरकला नाहीस."

"मी... इस्पितळातच होतो. त्यांना सोडून..."

"माहीत आहे."

"मला वाटलं..."

"माहीत आहे, रोहेलिओ." ती रागावलेली नव्हती, आणि तेच ओफेलियाला ऐकवत नव्हतं. "तू ऐकलंस बरोबर. समजलास उलटं."

निकानोर उंबऱ्यावरून उठला. "मी शुक्रवारी वाट पाहिली तुझी," तो म्हणाला. "ट्रकचा आवाज आला की वळून बघायचो." आणि तो अंगणात निघून गेला.

रोहेलिओ बसूनच होता. येसेनियाने जवळ जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला, त्याने तो काढलाही नाही आणि धरलाही नाही. थोड्या वेळाने तो उठला, पुढच्या दाराने बाहेर पडला. ट्रक सुरू झाल्याचा आवाज येईल म्हणून ओफेलिया कान देऊन थांबली. आला नाही. ती खिडकीशी गेली.

तो घराच्या पश्चिम बाजूला होता. भर उन्हात, आईच्या खोलीच्या कोपऱ्यापासून भिंतीच्या कडेकडेने पावलं टाकत होता. दोन पावलं टाकली की बुटाची टाच वाळक्या गवतात रोवून खूण करायचा. माती दगडासारखी झालेली, खूण उमटत नव्हती. मग दोनतीनदा टाच आपटायचा.

मागच्या अंगणातून निकानोर घराला वळसा घालून आला आणि हाताची घडी घालून उभा राहिला.

"तिथे नको," तो म्हणाला. "तिथून गॅसची नळी जाते."

रोहेलिओने मान वर केली नाही. फूटभर सरकला आणि तिथे टाच आपटली.

"किती खांब धरतोयस?"

"सात."

"सातात कसं भागेल? आठ लागतील."

"लांबी कमी आहे या भिंतीची."

"आईच्या पलंगाचं वजन कोण धरणार, तुझा बाप?"

"तुझा पण बापच तो."

"मोजायला तरी नीट शीक आधी. तुझी पावलं म्हाताऱ्यासारखी आखूड पडतात."

"मग तू मोज!"

"मोजतोच!"

निकानोर कोपऱ्यावर गेला आणि नव्याने पावलं टाकू लागला. रोहेलिओ त्याच्यामागून, प्रत्येक खुणेला हरकत घेत. दोघांचेही आवाज चढत चालले होते. समोरच्या घरची बाई झाडू घेऊन पुन्हा बाहेर आली होती.

"काय चाललंय गं त्यांचं?" आतून आईने विचारलं. "भांडतायत?"

ओफेलियाने बराच वेळ पाहिलं.

"कळत नाही," ती म्हणाली.

"जेवायला थांबतायत का, ते तरी विचार."